बगळ्याच्या भरवशावर

गोंदिया
१२ जुलै २०२५

ओमेश्वरभाऊ,

"इले सायकल कायले पाहिजे? एक दिवस बोडीतच भेटन ते सायकल तुमाले."

हे तू बाबूजींना म्हणाला होतास. मी आठवीत होते, तू बारावीत. अंगणात धान वाळत घातलं होतं, तू ते पायाने फिरवत होतास आणि मान वर न करता बोललास. बत्तीस वर्षं झाली. सायकल बोडीच्या पाण्यात गेली नाही. पुढे मी स्कूटी घेतली, तीही कोरडीच राहिली. मागच्या दिवाळीला कार घेतली आणि मंगळवारी ती रेल्वेच्या रुळाखालच्या रस्त्यावर, खिडकीच्या काचेपर्यंत पाण्यात भेटली. चालवत कोण होतं ते तुला माहीत आहे.

मी तुझ्याशी बोलत नाही. फोनवर तसं सांगितलं होतं, पण तुला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. चेतनावहिनीने फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला होता आणि मला इकडे फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. तुझा स्वतःचा फोन तर गाडीसोबतच बुडाला. म्हणून पत्र. पत्र लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे.

काम एवढंच. विमा कंपनीचे सर्व्हेअर, चंद्रकुमार साहेब, गाडी पाहून गेले. त्यांना चालकाचा जबाब हवा आहे, चालकाच्याच अक्षरात. गाडी कुठून कुठे चालली होती, पाणी किती होतं, दिसत असून त्यात का घातली, आणि बंद पडल्यावर पुन्हा चालू करून पाहिली का. हा शेवटचा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. इंजिनात पाणी शिरल्यावर चावी फिरवली तर आतले दांडे वाकतात म्हणे. मग ते नुकसान पाण्याचं नाही, माणसाचं धरतात.

मी प्रशिक्षणासाठी पाच दिवस नागपूरला होते. शाळेने पाठवलं, हौसेने गेले नव्हते. गाडी तुझ्या अंगणात ठेवली ती मायचा डोळा दाखवून आणण्यासाठी. एका डोळ्यासाठी. जबाब मंगरूच्या हाती दे. तो रोज सकाळच्या रेल्वेने भाजीच्या टोपल्या घेऊन इथे येतोच, आणि त्याच्या टोपलीत काही हरवत नाही.

अर्धं पान पुरे.

दुर्गेश्वरी

ता. क. माय भिजली होती का? खोकला वगैरे? हे बोलणं म्हणून विचारत नाही.


१६ जुलै

चि. दुर्गास अनेक आशीर्वाद.

माय बरी आहे. कमरेपर्यंत भिजली होती. चेतनाने सुंठीचा चहा दिला, तेव्हापासून रोज सकाळी तोच मागून राहिली. जबाब खाली लिहिला आहे. साहेबाला जसाच्या तसा दे, मास्तरणीसारखी लाल शाई मारू नको.

जबाब. मी ओमेश्वर मनोहरलाल, वय एकोणपन्नास, धंदा शेती, खरं ते लिहून देतो की, आठ तारखेला धानाच्या रोवणीला बाया भेटल्या नाहीत म्हणून मी मोकळा होतो. आईला डोळ्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी काढली. वाटेत जोराचा पाणी येऊन गेला. रुळाखालच्या रस्त्यात पाणी साचून होतं. मी गाडी थांबवली. बेजबाबदार माणूस थांबला नसता. मी खाली उतरून पाणी पाहिलं.

पाण्याच्या मधोमध बगळा उभा होता. त्याचे पाय बोटभर बुडून होते. आमचे वडील सांगत, बगळा उभा दिसला तिथं बेलाशक बैलबंडी टाकावी. या नियमाने मी तीस वर्षं बांध्या आणि नाले पार केले आहेत, बैल घेऊन, सायकल घेऊन आणि एकदा ट्रॅक्टर घेऊन. एकदाही फसलो नाही. सबब मी पहिल्या गिअरमध्ये गाडी पाण्यात टाकली.

बगळा म्हशीवर उभा होता. म्हैस पाण्यात बसून होती. तिची पाठ पाण्याखाली होती आणि तोंड पुलाच्या भिंतीच्या सावलीत. ते मला ओंडक्यासारखं दिसलं. गाडी पाच हातांवर पोचली तेव्हा म्हैस उठली. बगळा उडाला. उभ्या म्हशीच्या पोटाला पाणी लागत होतं. हे पाहून मी ब्रेक मारला आणि तिथेच गाडी बंद झाली. ब्रेक नसता मारला तरी झाली असती असं माझं मत आहे.

यात बगळ्याची चूक आहे असं मी म्हणत नाही. म्हैस कोणाची ते मला माहीत आहे, पण नाव लिहून देणार नाही. त्यांच्या घरी आमचं उठणं-बसणं आहे.

गाडी बंद पडल्यावर मी चावी एकदाही फिरवली नाही. हा जबाब मी शुद्धीत लिहून दिला. सही.

दुर्गा, साहेबाला म्हशीचा फोटो लागत असेल तर रिंकी पोरीच्या फोनवरून काढून पाठवतो. आणि ते सायकलीचं तू अजून धरून बसली आहेस का? मी तसं म्हटल्याचं मला आठवत नाही.

ओमेश्वर

ता. क. बोलत नाही म्हणतेस आणि दोन पानं भरून लिहितेस.


गोंदिया
२० जुलै

जबाब देणार ओमेश्वर मनोहरलाल यांस,

तुझा जबाब मी शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचला. "म्हैस उठली" इथे मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. मग हसल्याचा राग आला. मी अजून रागावलेलीच आहे, हे लक्षात असू दे.

जबाब साहेबांना दिलेला नाही. देता येणार नाही. गाडी छोटेलालच्या गॅरेजमध्ये आहे. त्याने काल इंजिन उघडलं आणि मला बोलावून वाकडा दांडा हातात दिला. केळ्यासारखा वाकला आहे. म्हणाला, "दीदी, ये एक बार में नहीं मुड़ता. भैया ने सेल्फ मारा है, और पूरे दिल से मारा है." आता तू सांग, मी तुझ्या जबाबावर विश्वास ठेवू की त्या दांड्यावर?

दुसरं. डोळ्याचा दवाखाना गोंदियात आहे. तुमच्या सालेकशाहून गोंदिया मावळतीला. माझी गाडी सापडली उगवतीला, दरेकशाच्या अंगाला. बगळ्याने रस्ताही दाखवला होता का? मी दवाखान्यात विचारून आले. मायच्या नावाची, रामबाई म्हणून, कोणी त्या दिवशी आलीच नाही.

तिसरं. छोटेलालने सीट बाहेर काढली तेव्हा खालून नारळाच्या तीन वाट्या निघाल्या. आरशाला झेंडूची माळ गुंडाळलेली होती, कुजलेली. पाण्यात राहूनही बोनेटवरचं हळदीकुंकू पूर्ण गेलेलं नाही. छोटेलालने विचारलं, "दीदी, गाड़ी में कोई नेता बैठा था क्या?" तोच प्रश्न माझ्या डोक्यात होता. हार, नारळ, दिवसभराची रपेट. कोणाच्या भूमिपूजनाला नेलीस? कोणाला मिरवलंस माझ्या गाडीतून?

तुला ती गाडी म्हणजे एक गाडी वाटत असेल. मी तुला सांगितलेलं नाही, कोणालाच सांगितलेलं नाही. गाडी आल्यावर दुसऱ्याच रविवारी मी एकटी इटियाडोहला गेले. कोणाला विचारलं नाही, कोणासोबत गेले नाही. धरणाजवळ गाडी लावली, काचा खाली केल्या, आत बसून भाजीपोळीचा डबा खाल्ला आणि परत आले. एवढंच. येताना कोहमाऱ्याच्या ढाब्यावर ट्रकवाल्यांच्या रांगेत बसून चहा प्यायले. कोणी पाहत होतं की नाही, तेसुद्धा मी पाहिलं नाही. चव्वेचाळीस वर्षांत असा एकही दिवस माझ्या वाट्याला आला नव्हता, भाऊ.

दुरुस्ती होईल किंवा होणार नाही. मला कारण हवं आहे. तिकडे का गेला होतास?

दुर्गेश्वरी


२४ जुलै

दुर्गा,

चावी फिरवली. माय मागच्या सीटवर बसून मोजत होती. पण मी जबाबात खोटं लिहिलं असं समजू नको. माय धान मोजते तसं मोजते. पहिल्याला 'लाभ' म्हणते, मग दोन, मग तीन. अकरापर्यंत गेली. लाभ झाला, दोन झाले, अकरा झाले, त्यात 'एकदा' कुठे आला? साहेबाला हे समजावून सांग. तो शेतकऱ्याच्या घरचा असेल तर समजेल.

काऊन फिरवली विचारशील. तुझी गाडी पाण्यात सोडून उतरायचं मन होत नव्हतं. इतकंच.

गाडीत पुढारी नव्हता. नारळ फोडायला पुढारीच लागते का? बाकी कारण विचारू नको. मी सांगणार नाही. मायलाही विचारू नको, तिचं डोकं दुखते.

गाडी नीट होऊन तुझ्या दारात उभी राहत नाही तोपर्यंत मी तुझ्या दारात उभा राहणार नाही. राखीलाही नाही.

तुझी वहिनी म्हणते, मी जेवताना खिडकीकडे तोंड करून बसतो. मी नेहमीच तसा बसतो. बायका उगीच काहीही पाहतात.

ओमेश्वर


२७ जुलै

दुर्गे,

मी तुही माय रामबाई सांगून राहिली न रिंकी लिहून राहिली. रिंकीनं आपल्या मनचं काही घालाचं नाही म्हून तिले शपथ घातली. (आत्या, खरंच घातली. विद्येची. परीक्षा आहे माझी. — रिंकी)

तुह्या भावाच्या तोंडात मूग भरले. तो सांगत नाही तं मी सांगतो. माहं डोकं कधी दुखते? त्याचंच दुखते.

डोळा दाखवाले निघालो हे खरं. गाडी फाटकाच्या बाहेर निघाली न मीच म्हटली, ओमेश्वर, डोळा कोठी पळून चालला का? आधी शामकलाकडे चाल. माह्या बहिनीले दुर्गाची गाडी दाखवाची हाय. तं तो म्हने, माय, मी रातभर तेच इचार करून राहिलो होतो. मंग गाडी उलटी फिरवली. माळ न नारळ तं पहिलेच डिक्कीत होते. मले मालूमच नोयतं. सांग आता, दवाखान्यात कोन माळ घेऊन जाते?

पहिले तुह्या मामाचं दार, मंग तुह्या आत्याचं, मंग शामकलाचं. तीनही दारी गाडी उभी केली, हॉर्न मारला, नारळ फोडला. लोकं म्हनत, ओमेश्वर, गाडी घेतली का रे? तं तो म्हने, माही नाही. आमच्या दुर्गाची हाय. सोताच्या पगारातून घेतली. सोता चालवते. चाकात हवाबी सोताच पाहते. हवेचं तीनही दारी सांगितलं. तुह्या मामानं तं खाली वाकून चाकं दाबून पाहिले.

शामकला म्हने, काऊन रे, एकटी बाई गाडी चालवते, भेव नाही वाटत? तं तो काय बोलला मालूम हाय? म्हने, मावशी, मी तं तवाच बाबूजीले म्हटलो होतो, इले सायकल घेऊन द्या, हे पोरगी दूर जाईन.

मी लाडू खाऊन राहिली होती. मले असा ठसका लागला का शामकलाच्या सुनेनं पाठ ठोकली. तवा अंगनात मी नोयती का? माह्याच कानानं मी आइकलं होतं तो काय बोलला होता ते. पन मी दुसरा लाडू तोंडात घातला. त्याचं तोंड असं फुललं होतं, कोन सुई टोचन?

तेथीच बसलो न धो-धो पानी आला. वापस येताना मंग तो बगळा. बगळ्याचं त्यानं सांगितलंच असन, सगळ्या गावाले सांगितलं.

एक अजून सांगतो. गाडीत पानी शिरला तं त्यानं पहिले मले नाही उचललं. पहिले तुहे गाडीचे कागद काढले, डोक्शावर धरले, पुलाच्या भिंतीवर नेऊन ठेवले, वर गोटा ठेवला. मंग मले न्याले आला. मी बोंबलली, मेल्या, माय बुडून राहिली न तू कागद वाचवतं? तं म्हने, माय, तू वाळून जाशील, कागद वाळत नाही.

आता तू त्याच्यावर रागावू नको. रागाव, पन थोडी. न माहा डोळा तसाच राहून गेला ते पाह्य.

तुही माय

(शपथ इथे संपली. आत्या, इटियाडोहचं तुमचं पत्र बाबांनी गोठ्यात नेऊन वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग आईला विचारलं, "इटियाडोह किती लांब पडते गोंदियाहून?" आई म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही का?" तर म्हणाले, "मला माहीत आहे. तिला एकटीला किती लांब पडलं असेल ते विचारून राहिलो." — रिंकी)


गोंदिया
१९ ऑगस्ट

प्रिय भाऊ,

राखीला आला नाहीस. मंगरूच्या हाती राखी पाठवली, तर दुसऱ्या दिवशी त्याने टोपली उतरवता उतरवता सांगितलं, "भाऊनं माह्याच हातून बांधून घेतली. ओवाळाले लावलं." मंगरूच्या मिशा डोळ्यांसमोर आल्या आणि मी भोपळा हातात धरून रस्त्यात उभी राहून हसले. त्याने तुला पाया पडायला लावलं की नाही, ते मात्र तो सांगत नाही.

मायचा डोळा दाखवून झाला. हे तिने तुला घरी येऊन सांगितलंच असेल. मी तिला रेल्वेनेच आणलं-पोचवलं. तुझ्या फाटकापर्यंत आले होते. तू शेतावर होतास म्हणे. बांधावर तुझा पांढरा दुपट्टा मला दिसत होता, भाऊ. तो पूर्ण वेळ एकाच जागी होता. रोवणी करणारा माणूस असा उभा राहत नाही.

तुझा जबाब मी साहेबांना दिला. खरा. तुझं ते लाभापासून अकरापर्यंतचं पत्र वर जोडून. पहिला जबाब एकटाच दिला असता तर सगळं मंजूर झालं असतं, हे मला माहीत आहे. पण मी रोज चाळीस पोरांच्या वह्या तपासते, आणि त्या वाकड्या दांड्यापेक्षा जास्त वाकायचं मला जमलं नसतं. चंद्रकुमार साहेबांनी तो ऑफिसात मोठ्याने वाचला. 'लाभ'पाशी थांबून म्हणाले, "आमची आजीपण असंच मोजायची." मग म्हशीपाशी आले आणि त्यांना पाणी मागवावं लागलं. शेवटी इंजिनाचं नामंजूर, बाकीचं मंजूर. इंजिनाचं मी बघितलं. त्याबद्दल तू एक अक्षर लिहायचं नाहीस.

गाडी गेल्या आठवड्यात घरी आली. चालते. छोटेलालने सीट दोनदा धुतल्या, तरी पाऊस आला की आतून बोडीचा वास येतो. परवा सिग्नलला उभी होते, तो वास आला आणि मला एक गोष्ट आठवली. खरं म्हणजे आठवायला मी ती विसरले नव्हतेच.

तू खरं लिहून दिलंस, अकराच्या अकरा. आता माझा जबाब घे. सायकल बोडीत गेली होती. नववीत असताना, नवरात्राच्या आधी. उतारावर ब्रेक लागला नाही, मी पाळीच्या बांधावर उडी मारली आणि सायकल सरळ पाण्यात गेली. गुरं राखणाऱ्या सावित्रीबाईने बांबू घालून ती ओढून दिली. मी तिला हात जोडले, कोणाला सांगू नका. तिने मरेपर्यंत सांगितलं नाही. साखळी गंजली तेव्हा बाबूजींना म्हटलं, दवाने गंजली. बाबूजींनी मान हलवली. आता वाटतं, त्यांना कळलं असावं. दवाने साखळीत शेवाळ अडकत नाही.

म्हणजे तू बरोबर बोलला होतास. एवढी एक गोष्ट तू बरोबर बोललास आणि बत्तीस वर्षं मी ती चुकीची ठरवण्यात घालवली. स्कूटी, कार, इटियाडोह, सगळं त्या एका वाक्याला उत्तर म्हणून. मला वाटायचं ते वाक्य तू माझ्यावर फेकलंस आणि निघून गेलास. तू ते कुठे विसरलास? विसरला असतास तर शामकलामावशीच्या अंगणात ते उलटं करून सांगावं लागलं नसतं.

हो, मायने सगळं सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. रागाव, पण थोडा.

आता माझं ऐक. पोळा झाला की येत्या रविवारी सकाळी दहाला मी तुझ्या फाटकाशी येते. मीच चालवणार. माय मागे बसेल आणि तिला जे मोजायचं ते मोजेल. तू पुढे, डाव्या बाजूला, काच खाली करून. मामाचं दार, आत्याचं दार, मग शामकलामावशी. नारळ मी घेते, माळ तू आण, झेंडू तुझ्या परसात फुलला आहे असं मंगरू म्हणतो. रुळाखाली पाणी दिसलं तर मी थांबेन, बगळा असो वा नसो.

आणि मावशीच्या अंगणात सगळे जमले की ते वाक्य पुन्हा एकदा म्हण. माझ्यासमोर, मोठ्याने. "मी तवाच बाबूजीले म्हटलो होतो, इले सायकल घेऊन द्या." खोटं आहे हे तिथे आपल्या तिघांनाच माहीत असेल. मायचं तोंड तेवढा वेळ मी लाडवाने बंद ठेवीन.

तू नाहीच म्हणशील. बहिणीच्या डाव्या बाजूला बसून गावातून जायला तुला लाज वाटेल, रोवणी राहिली म्हणशील, कंबर धरली म्हणशील, चेतनावहिनीला पुढे करशील. तुझी चारही उत्तरं मला पाठ आहेत. तरी विचारते.

म्हणशील का, भाऊ?

तुझी
दुर्गा